राहिलेलं 'नाही'

सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की —
हे वाक्य बावीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी टाइप केलं,
शिवाजीनगर कोर्टाच्या कुंपणाला पाठ लावून,
पानाला पाच, मग बारा, मग तीस रुपये.
माझ्या वेळी ते अत्तारांच्या रफिकनं केलं,
शेजारच्याच टेबलावर. पैसे घेतले नाहीत.
एक वेलांटी चुकली होती. मी बोलले नाही.

नवले पुलाच्या उतारावर स्कूटी गेली.
हात बाहेरून तसाच आहे. बांगड्या बसतात.
लोक म्हणतात, बरा दिसतोय की.
तुटलेला दिसला असता तर बरं झालं असतं,
असं एकदा आईसमोर बोलून गेले,
आणि तिनं नुसताच गॅस बंद केला.

ससूनच्या डॉक्टरांनी लिहिलं, अडतीस टक्के.
कंपनी म्हणाली, पॉलिसीत 'कायम आणि संपूर्ण' असं आहे.
त्या 'आणि'वर दोन वर्षं गेली.
अडतीस टक्के म्हणजे
कुलूप उघडतं, तिसऱ्या खेपेला.
पोळी होते, पण तिला आकार विचारू नये.
रात्री चादरीचंसुद्धा ओझं होतं.
हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते वकील कोद्रेबाईंनाही सापडलं नाही.

मग त्यांनी व्हिडिओ आणला.
मंडईत मी, हातात पिशवी.
पिशवीत अर्धा किलो घेवडा, मेथीची जुडी,
डाव्या हातात.
पण मध्येच उजवाही हलला होता,
माशी हाकलायला.
त्या माशीवर चार प्रश्न झाले.

"आजही तुम्हाला टाइप करता येतं, हे खरं आहे?"
"येत नाही."
जज्जसाहेबांनी उत्तर सांगितलं,
कोपऱ्यातल्या मुलीची बोटं चालली.
मला तिची वेणी दिसत होती, पडदा नाही.
पण कानाला कळतं.
एक लांब टक्, आणि मग चार बारीक,
'नाही' असंच वाजतं.
ते वाजलंच नाही.

"साहेब, 'नाही' राहिलं."

मुलीनं पडदा वळवून दाखवला. 'येते' असं होतं.
जज्जसाहेबांनी दुरुस्त करून घेतलं,
आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
कंपनीचे वकील उठलेच होते:
"साक्षीदाराचं कौशल्य शाबूत आहे, हे नोंदवावं."
कोद्रेबाईंनी कपाळाला हात लावला.
आता कान नसते तर किती टक्के,
हे विचारायचं मनात आलं. जीभ आवरली.

जबाबाखाली सही करायला सांगितली.
पेन डावीकडे घेतलं. 'प्र' कोसळला,
'तुंगार' रेघेच्या खाली घसरलं.
वकिलांनी पॉलिसी शेजारी धरली,
आठ वर्षांपूर्वीची माझी सही, ताठ, वळणदार.
"ही तर जुळत नाही."

"नाही जुळत," मी म्हणाले.
"तेवढं लिहून घ्या.
आणि या वेळी 'नाही' राहू देऊ नका."