डावीकडून तिसरी

कौतिकबाईच्या बोटांना ठसे नाहीत
हे आम्हाला मुंबईत कळलं.
वीस वर्षं वेफर्सच्या कारखान्यात
कच्ची केळी सोलली तिने,
चिकाने काळी, पाण्याने पांढरी.
साल जात राहिली
आणि सालीबरोबर आणखी काही.
काचेवर दहाही बोटं ठेवली,
पदराला घासून ठेवली,
तोंडाच्या वाफेने ओली करून ठेवली.
हिरवा दिवा लागला नाही.
पोरगा म्हणाला, मावशी, पंधरा दिवसांनी या.
विमान बाराव्या दिवशी होतं.

अकरा जणी गेलो.

नऊ दिवस. एस्टोनिया नावाचा देश,
नेहेते सरांनी फैजपूरच्या शाळेत
नकाशावर खडूच्या टोकाने दाखवलेला,
आणि खडूखाली तो सगळाच झाकला गेलेला.
तिकडे साडेतीनलाच संध्याकाळ.
द्वारका झांबरेने पहिल्या दिवशी
घड्याळ कानाशी धरून हलवून पाहिलं.
नऊवारीखाली दोन-दोन लोकरी पायजमे,
वर नातवाचं जर्किन,
बर्फातून चालणं म्हणजे
ओल्या नांगरटीतून चालणं.
प्रमिलाने तो चाखला.
म्हणाली, मीठ नाही.

चार गावांत गायलो.
ना पेटी, ना टाळ, नुसते गळे.
श्रावणातली कानबाईची गाणी डिसेंबरात म्हटली,
तिची मनोमन माफी मागून.
दगडी चर्चमध्ये सूर सोडला
की तो लगेच जायचा नाही,
पाच मोजेपर्यंत आढ्याशी फिरायचा,
म्हणून सर हात वर धरून थांबायचे
आणि आम्ही पुढची ओळ तोंडात धरून,
गरम घास धरावा तशी.
पण कडव्याच्या शेवटी
जिथे कौतिकबाई खाली उतरते,
विहिरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत, एकटी,
आणि तिच्या भरवशावर आम्ही वर उभ्या राहतो,
तिथे काहीच नव्हतं.
सुलभाने उतरून पाहिलं.
दुसऱ्या पायरीवरच खोकला आला.
लोकांना कळलं नाही. उभं राहून टाळ्या दिल्या,
फळ्यांवर पायही आपटले.
एका म्हाताऱ्याने माझा हात
आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला,
किती तरी वेळ काही सांगत होता.
मी हो हो म्हणत गेले.

आता जानेवारी. हिंगोण्याच्या शिवारात भरीत.
कापसाच्या काड्यांचा जाळ, डोळ्यांत धूर,
बामणोदची वांगी फुटून शिळ घालताहेत.
कौतिकबाई ती बोटांनीच उलटते आहे,
सांडशी नको म्हणते, मले काय भाजतं का.
मग हात पुसून फोटो बघायला बसली.
फोनवर बोट फिरवलं. फोटो सरकला नाही.
पुन्हा फिरवलं.
मग मी सरकवत राहिले, ती बघत राहिली:
बर्फ, बस, बर्फ, वाटाण्याचं सूप,
आणि आम्ही, ओळीने, तोंडं उघडी.

तिथे तिने माझं मनगट धरलं.
"माह्या जागी कोन व्हतं?"

डावीकडून तिसरी जागा.
कुणी बोलेना. सर काड्या मोडत बसले.
शेवटी द्वारका म्हणाली,
"हीटर ठेवला व्हता वं. लई थंडी व्हती."

कौतिकबाई आधी गप्प,
मग हसली, इतकी हसली
की डोळ्यांचं पाणी धुरावर ढकलावं लागलं.
"चाला," म्हणाली, "उबीची तरी व्हती जागा."

बडजीत वांगी पडली, मिरच्या, लसूण, पात.
ठेचता ठेचता तिच्या छातीतून
ते खालचं सुरू झालं,
मुसळाच्या घावागणिक एक पायरी.
सर हात धुवायला पाटावर गेले होते,
हात वर धरायला कुणी नव्हतं.
आणि केळीच्या बागेतून काही परत येत नाही,
पानं सगळा आवाज पिऊन टाकतात.
तेव्हा थांबायचं कशासाठी,
आम्ही अकरा जणींनी पुढची ओळ उचलली
आणि कोथिंबीर टाकायची तशीच राहिली.