सातवा

पहाटे चार वाजता मी चेहरे चिकटवायला बसते.
आल्मेरियाचं वाळवंट अजून गार असतं,
जनरेटर घरघरतो, डिंकाचा वास डोक्यात जातो.
ओळीनं बारा खुर्च्या, बारा माणसं,
कालपर्यंत प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो खुडणारी.
नखांच्या कडेला हिरवट काळं अजून तसंच.

दिग्दर्शकाची अट होती: उंच हवेत, सडपातळ,
चालताना थोडे थकलेले दिसले तर उत्तमच.
रोजचे पासष्ट युरो, शिवाय जेवण.

सातव्या खुर्चीत बकारी.
गालावर रबर ताणताना विचारतो,
"हे जे वरून येतात, त्यांना हवं काय असतं इथे?"
पटकथेत दिलेलं नाही, मी म्हटलं.
नुसते येतात. येतात म्हणूनच भीती.
तो हसला आणि गालावरचा थर सुटला.
पुन्हा चिकटवावा लागला.

गोष्ट साधीच:
रात्री वेशीबाहेर उजेड उतरतो,
सकाळी विहिरीचं पाणी कडू लागतं,
मग एकेक शेजारी बोलायचा थांबतो.
शेवटी पाद्री आणि शाळेतल्या बाई मिळून सगळ्यांना जाळतात
आणि सूर्य उगवतो, व्हायोलिनसकट.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जीप आली.
हिरव्या गणवेशातले दोघं.
कुणीतरी कळवलं होतं, इथे बिनकागदाची माणसं आहेत.
अकरा जणांनी चेहरे सोलून मांडीवर ठेवले होते,
सूप प्यायला.
त्यातल्या चौघांना जीपमध्ये बसवलं.

सातवा तसाच बसून,
तीन डोळे, गळ्याला कल्ले, हातात पावाचा तुकडा.
रबराखालून खाता येत नाही.
भूक लागली की काढ, मी सकाळीच बजावलं होतं.
त्यानं काढलं नाही.
धाकटा शिपाई थेट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.
माझ्या हातातला ब्रश वाळून कडक.
मोबाइल पुढे करत तो म्हणाला,
"एक फोटो? मुलीला दाखवतो, जाम टरकेल."
सातव्यानं पंजा त्याच्या खांद्यावर ठेवला.
दोघं हसले असावेत. एकाचंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी चार नवे आले.
मुखवटे जुनेच, बरोब्बर बसले.

सिनेमा फेब्रुवारीत लागला. आईला घेऊन गेले,
रेमेदिओस, वय एक्क्याऐंशी, एक कान बाद.
पडद्यावर सातवा वेस ओलांडून आत आला
आणि अख्खं थिएटर किंचाळलं.
मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "जाळा रे त्याला!"
आई किंचाळली नाही.
माझा दंड धरून जरा मोठ्यानंच म्हणाली,
"हा जेवलेला नाही."

बाहेर बसथांब्यावर, कोटाची बटणं लावता लावता:
"एकोणीसची होते मी. स्टुटगार्टला दिव्यांचा कारखाना.
आधी तोंड उघडायला लावून दात तपासले.
घोड्याचे तपासतात तसे."
एवढं तिनं कधी सांगितलं नव्हतं.
मग बस आली, आणि ती पासच शोधत बसली.

बकारीला तिकीट पाठवलं होतं. तो आला नाही,
टोमॅटोचा हंगाम होता.
मध्यरात्री त्याचा निरोप:
दुसऱ्या भागात आम्ही परत येतो का?
मी लिहिलं, अरे, तुम्ही जळून मेलात.
बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले.
ते झालंच, त्यानं लिहिलं.
पण परत येतो का?