रिकाम्या खुर्चीवरचा स्वेटर

सोनेगावला रात्री अडीच वाजता
बाहेर अजून चौतीस डिग्री,
आत आम्ही स्वेटर घालून बसतो.
ही थंडी आमच्यासाठी नाही, मशीनसाठी.
मशीन म्हातारं झालंय, त्याला ऊन सोसत नाही.

चार खुर्च्या. आम्ही दोघं.
तिसरीवर लांजेवारचा स्वेटर तसाच,
तो गुवाहाटीला बदलून गेला त्याला सात महिने झाले.
चौथीवर कोण बसायचं ते आता आठवत नाही.
हजेरीपटात मात्र ती जागा आहे,
नावाच्या रकान्यात छापलेलं: भरावयाची.

पट्ट्या छापणारं यंत्र मधेच दातखीळ बसल्यासारखं थांबतं.
मग खोब्रागडे येतात,
डाव्या अंगाला, खालून चार बोटं वर,
तळहातानं एक देतात.
चालू.
"कुठं मारायचं ते वहीत लिहून ठेवा नं," मी म्हटलं.
"कुठं ते लिहीन मॅडम. किती जोरात, ते कसं लिहू?"
एकतीस तारखेला ते रिटायर होतात.

आत्ता माझ्याकडे एकोणीस विमानं.
दिल्लीचं चेन्नईला, कोलकात्याचं मुंबईला,
सगळ्यांना आमच्याच डोक्यावरून जायचं असतं.
झीरो माइलपाशी लोक निदान फोटो तरी काढतात.

पावणेतीनला पडदा मिटला.
पापणी लवते तसा नाही,
डुलकी लागते तसा.
अकरा सेकंद.
लाइट गेल्यावरही तव्यावरची पोळी
कुठवर आली ते हाताला कळतं,
तशी मी एकेकाला कपाळाच्या आत
पुढे सरकवत राहिले, ज्याच्या त्याच्या उंचीवर.
पडदा उघडला.
सतरा.
मग अठरा.
मग, फारच सावकाश,

एकोणीस.

"नागपूर, सगळं ठीक?" एक कोवळा आवाज.
माझा श्वास त्याला ऐकू गेला असावा.
"ठीक," मी म्हटलं, आणि मुंबईची फ्रिक्वेन्सी दिली.
त्याच्या पाठीमागे पावणेदोनशे माणसं
तोंडं उघडी टाकून झोपलेली.

दोन तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असा नियम आहे.
भिंतीवर आहे, काचेच्या फ्रेममध्ये.

सव्वापाचला फोन आला,
बोकडेच्या मुलीला ताप, तो येत नाही,
"दुपारपर्यंत खेचता का?"
मी हो म्हटलं की नाही म्हटलं नाही, आठवत नाही.
उठले, लांजेवारचा स्वेटर माझ्या स्वेटरवर चढवला.
बाहीत हात अडकला.
आत एक पट्टी होती, चुरगळलेली, पेन्सिलच्या खुणांची,
कुठल्याशा विमानाची.
उतरलं असेल ते केव्हाच.