मिश्र कळप

मार्चमधली सकाळ, कौतोकेइनोचं सभागृह.
बाहेर उणे एकवीस, आत कॉफीची दुसरी किटली.
मी दोघांच्या मधल्या खुर्चीत.
घरी एक भाषा, शाळेत दुसरी,
एवढ्या भांडवलावर मी सरकारी दुभाषी.

ऑस्लोहून आलेल्या स्युन्नेवेबाई वाईट नाहीत.
बूट दाराशी काढले, कुणी न सांगता.
कुरणं उघडी पडतायत, त्याची काळजी त्यांना खरीच होती.
मग कागद सरळ करून विचारलं,
‘योव्ना, तुमच्याकडे रेनडिअर किती?’

मी थांबले.
आमच्यात हे विचारत नाहीत.
जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत, तसं.
पण त्यांच्या शहरात शेजाऱ्याची मिळकतसुद्धा
मागितली तर पाहायला मिळते,
उघडं असणं हाच तिथला सभ्यपणा.
त्या त्यांच्या परीने अदबीनेच विचारत होत्या.

योव्नाने सुक्या मांसाची चकती कॉफीत सोडली.
‘झाडाच्या अलीकडे आहेत काही,’ म्हणाला,
‘काही पलीकडे.’
मी तेच सांगितलं, शब्दाला शब्द.
रकान्यात झाड मावेना.

मग तक्ता निघाला.
माद्या इतक्या, पाडसं इतकी,
खच्ची केलेले म्हातारे नर शक्यतो नकोत:
चरतात, आणि देत काही नाहीत.

योव्ना बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला.
‘बर्फावर पाऊस पडून काच होते ना,
ती म्हातारा फोडतो.
त्याने उकरलेल्या खड्ड्यात मादी तोंड घालते.’
मग थोडा लाजला.
‘आणि तो पांढरा, वाकड्या शिंगाचा,
त्याचा तसा उपयोग काही नाही.
पण कळप सुंदर असावा लागतो.’

सुंदर. मी नीट, सावकाश म्हटलं.
आमच्याकडे कळपाला एअल्लु म्हणतात
आणि आयुष्याला एअल्लिन,
हेही सांगून टाकलं,
दुभाषीने सांगू नये ते.
स्युन्नेवेबाईंचं पेन अधांतरी राहिलं.
त्यांना कळलं असावं.
खोलीत नुसता हीटरचा आवाज.

जूनमध्ये कार्यवृत्त आलं. पान सात:
‘पशुपालकांची पसंती मिश्र रचनेच्या कळपास.’
मिश्र.
चूक म्हणता येणार नाही.
मीही कदाचित घाईत असतानाच
तोच शब्द उचलला असता.
त्या शब्दातून सूत्र निघालं,
सूत्रातून नियम,
नियमात म्हाताऱ्यांसाठी टक्का, दशांशासकट.

परवा योव्ना दुकानात भेटला,
मासेमारीचा दोर विकत घेत होता.
पांढऱ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.
हवामान बोललो, बर्फाची काच बोललो.
पैसे मोजून देता देता तोच म्हणाला,
माझ्याकडे न बघता,

‘सध्या झाडाच्या अलीकडेच.’