काटा

तिमाहीचा हिशेब आला: अकरा डॉलर, त्रेचाळीस सेंट.
खाली बारीक अक्षरांत: वजा खर्च.
त्याखाली आणखी बारीक: बाकी, उणे.
सोल्वीने ती उणेची आडवी रेघ
बोटाने पुसून पाहिली,
धूळ असेल म्हणून.

डुलूथमध्ये जानेवारी. सरोवर
काठाशी गोठतं, फुटतं, पुन्हा गोठतं,
रात्रभर कुणी कपाटं सरकवल्यासारखं.
हा आवाज हवा म्हणून डेझमंडने
माइक घेऊन चार हिवाळे बर्फावर काढले.
त्याचे तीन हजार अजून द्यायचेत.

डेझमंड म्हणतो, कंपनी सरळ आहे.
ओरेगनच्या एका बाईला वेळेवर पैसे मिळाले,
ती स्वतः सांगते.
सोल्वी म्हणते, सांगावं म्हणूनच तिला दिले.
मग विश्वास ठेवायचा कुणावर, तो विचारतो,
ज्याला मिळाले तो मिंधा,
ज्याला नाही मिळाले तो जळका?
फोनवर बराच वेळ कुणीच बोलत नाही.
दोन्हीकडे एकच बर्फ वाजतो.

कंपनीची माणसं गोड.
दर पत्राला नवं नाव: आधी कोर्टनी, मग ब्राइस,
आता नुसताच ‘ग्राहक आनंद विभाग’.
ताकास तूर लागू देत नाहीत.
किती देशांत लागली? बऱ्याच.
किती जणांनी पाहिली? आकडे यायचेत.
पोस्टरचा खर्च चौदाशे.
पोस्टर सोल्वीच्या भाचीने काढलेलं,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तेलखडूंनी.
आणि तरी उरुग्वेहून एक गृहस्थ लिहितात:
काल रात्री पाहिली. माझे वडीलही जाळी विणत.
म्हणजे कुठेतरी लागलीय.
म्हणजे कुणीतरी मोजलंय.

फिल्ममध्ये, एकेचाळिसाव्या मिनिटाला, म्हातारा आर्वो
माशांची पोटं चिरता चिरता सांगतो:
व्यापारी काटा मारायचा. सगळ्यांना ठाऊक.
पण ट्रक गावात त्याच्या एकट्याचा.
मग आर्वो घरून एक दगड न्यायचा,
बायकोने तोलून दिलेला, पाच पौंडांचा.
माशांआधी तो पारड्यात ठेवायचा,
काही न बोलता.
दगड साडेचार भरायचा.
व्यापारी दगडाकडे बघायचा, आर्वो पाण्याकडे.
त्या दिवशी भाव जरा बरा मिळायचा.

सोल्वीकडे दगड नाही.
करारात कलम आहे: हिशेब तपासण्याचा हक्क,
स्वखर्चाने, तीस दिवस आधी कळवून,
त्यांच्या कचेरीत.
कचेरी म्हणजे डेलावेअरमधली
एक पोस्टाची पेटी.

शनिवारी को-ऑपच्या दुकानात आइली भेटली,
मुरंब्यांच्या बरण्यांपुढे.
आर्वोला जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं होतील.
फिल्मचं काही आलं का गं?
विचारलं फक्त. मागितलं नाही.
तिच्याच घरी, तिचीच कॉफी पीत
सोल्वी म्हणाली होती एकदा,
जे येईल त्यातला दहावा हिस्सा तुमचा.
कागद कशाला, असं आर्वोच म्हणाला होता.

सोल्वी म्हणाली, आधी खर्च निघू दे, आइली.
बोलली, आणि मग तिला ते ऐकू आलं.
कोर्टनीचा सूर, ब्राइसचा विराम,
शेवटी नाव घेण्याची तीच लकब.
असू दे, असू दे, आइली म्हणाली
आणि बरणी उलटी करून किंमत बघू लागली.

रविवारी सोल्वी तिच्या घरी गेली.
एका लिफाफ्यात एक डॉलर चौदा सेंट,
दुसऱ्यात सगळा हिशेब, हाताने लिहिलेला:
काय आलं, काय गेलं, कुणाचं देणं आहे.
नको म्हणेल असं वाटलं होतं.
आइलीने चष्मा लावला,
ओळीओळीवरून नख फिरवत गेली,
कॉफी गार झाली तरी.
तिसऱ्या पानावर नख थांबलं.
हे पेट्रोल, ती म्हणाली,
दोनदा लिहिलंयस तू.

सोल्वीने वाकून पाहिलं.
दोनदाच होतं.