अनैच्छिक

उणे वीसमधून काढलेली कुपी
उजेडात धरते, तर तळाशी चिमूटभर पांढरं:
नऊ अमिनो आम्लं, एकापुढे एक,
कुठल्याच प्राण्याच्या अंगात न घडलेली.
झरीन मॅडम म्हणतात, वाक्य आहे ते. हळू विरघळव.

बशीत रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी.
नववीच्या पुस्तकात अनैच्छिक स्नायू,
रिकाम्या जागा भरा, एक गुण.
आवळायचं, सैल सोडायचं, एवढंच काम.
पण भिंतीला इजा झाली की कामच विसरतात,
जागा सोडून धावतात, वाढतात,
भेग बुजवतात, आणि बुजली तरी
थांबत नाहीत.

बाबांच्या डाव्या हातात तेच झालं.
डायलिसिससाठी जोडलेली शीर दोनदा अरुंद,
मुलुंडला दोनदा फुग्याने उघडली.
एकतीस वर्षं भांडुपला पाणीखात्यात चावीवाले.
पहाटे साडेतीनला लोखंडी चावी खांद्यावर,
कुठल्या गल्लीला किती आटे, सगळं बोटांत.
गळती शोधायची तर सळई रस्त्याला टेकवून
वरच्या टोकाला कान.
आता रात्री स्वतःच्याच मनगटाला लावतात:
चालू आहे गं. घरघर आहे.

एकदा विचारलं, तुझी ती पावडर पेशींना सांगते काय?
म्हटलं, जखम भरली. पुरे. जुन्या कामावर जा.
हसले. आमच्या खोदकामाच्या गँगला
हे सांगणारं कुणी भेटलंच नाही.
पाईप सापडला तरी खणायचे लेकाचे.

शेजारच्या बशीत तीच नऊ अक्षरं,
क्रम विस्कटलेला. तुलनेसाठी.
वजन तेच, पांढरेपण तेच,
पेशींना त्यातलं अवाक्षर कळत नाही.

रविवारी रात्री, परळला मजल्यावर मी एकटी,
मोजल्या.
विस्कटलेल्या बशीत झुंबड.
नीट वाक्याच्या बशीत थोड्याच,
टकळीसारख्या लांबट, एका दिशेने पहुडलेल्या.
पुन्हा मोजल्या. तेच.
चौथी बशी मात्र उलटं बोलली,
तेही वहीत लिहिलं.

घरी काही सांगितलं नाही.
उंदीर, ससा, मग कधीतरी माणूस:
मॅडमच्या हिशेबात बारा वर्षं.
शिरेचा हिशेब वेगळा.

बाबा झोपलेत, डावा हात पांघरुणाबाहेर.
व्रणाच्या वर बोट टेकवते.
घरघर. आणि तिच्या काठाने
त्यांना न विचारता, मला न विचारता
रात्रपाळीला लागलेल्या त्या.

ओठ हलतात माझे,
नऊ अक्षरं,
क्रम चुकू न देता.