मेंढ्यांचे रोग, भाग दुसरा

दर तिसऱ्या गुरुवारी वाचनालयाची गाडी
आमच्या गावात वीस मिनिटं थांबते,
युद्धस्मारकाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून.
इथं लुईस बेटावर वाऱ्याला विचारूनच दार उघडावं लागतं.

मी पंधराची होते.
टॉर्किलनं शिक्का मारता मारता, वर न बघता,
एक पुस्तक पुढं सरकवलं.
'मेंढ्यांचे रोग, भाग दुसरा. तुला आवडेल.'

आमच्या मेंढ्या अकरा. सगळ्या ठणठणीत.
तरी नेलं.

वेष्टनावर खोकणारी मेंढी,
आत दोन मुली, कुठल्याशा बंदरात,
एकीच्या हातांना माशांचा वास
आणि दुसरीला तो वास आवडणारा.
पहिल्याच पानावर शिसपेन्सिलीनं, गेलिकमध्ये, कुणीतरी:
'घाबरू नकोस. शेवटी कुणी मरत नाही.'

मी आधी शेवट वाचला.
खरंच कुणी मरत नव्हतं.
त्या जाळी विणत बसल्या होत्या, भांडत, बटाटे करपवत.
मग पांघरुणात बॅटरी घेऊन
पहिल्या पानापासून.

एकशेबाराव्या पानावर ओठांना ओठ लागतात.
तिथं समासात गर्दी:
'अखेर!'
'इथं माझा चहा सांडला, माफ करा.'
आणि डावीकडे कललेलं, पुसून पुन्हा लिहिलेलं:
'मलाही असंच.'
मी तासभर पेन्सिल चावली.
मग खाली लिहिलं, मलाही.

पुस्तक परत केलं तर टॉर्किल म्हणतो,
'आता खुरांचे विकार. पण रांग आहे. पाच जण.'

पाच!
एकशे ऐंशी माणसांचं गाव.
मी चर्चमध्ये डोकी मोजू लागले.
रविवारी आमच्याकडे बागेतल्या झोक्यांनाही कुलूप असतं;
त्या शांततेत पाळक म्हणाले,
तरुण पोरं पुन्हा मेंढरांकडे वळताहेत, प्रभूची कृपा.
मागच्या बाकावर कुणाला तरी हसू फुटलं,
त्यानं त्याचा खोकला केला.
मी वळून पाहिलं नाही.
पण तो खोकला घरी घेऊन गेले.

लोकर कातरायच्या दिवशी
म्हाताऱ्या अ‍ॅलिस्टरची मेंढी लंगडायला लागली.
डॉक्टर स्टॉर्नोवेला, चाळीस मैलांवर.
म्हातारा गरजला, 'ती पुस्तकवाली पोरं कुठायत?
दर खेपेला बघतो मी, काखेत मेंढ्यांचे रोग!'

पुढं व्हावंच लागलं.
मार्साली, जिच्या मोठ्या आवाजाला मी बिचकायचे.
जुळ्यांपैकी न बोलणारा, रूअरी.
टपाल कचेरीतली ऑयरिग, चोवीस वर्षांची.
टॉर्मोड, आमचा गोलकीपर, कानापर्यंत लाल.
आणि मी.
एका मेंढीभोवती पाच तज्ज्ञ,
एकालाही काही येत नाही.

टॉर्मोडनं घसा खाकरला.
तोच खोकला.
मार्साली डॉक्टरी चेहरा करून म्हणाली,
'एकशेबाराव्या पानावर उपाय दिलाय.'

मग काय विचारता.
पोट धरून, मेंढीच्या पाठीला धरून, एकमेकांना धरून हसलो,
रूअरी तर मातीत बसला.
ऑयरिगनं डोळे पुसत केसातली पिन काढली
आणि खुरातला खडा.
अ‍ॅलिस्टर मान डोलवत म्हणाला,
'वाचनानं फरक पडतो.'

आता वीस मिनिटं पुरत नाहीत.
टॉर्किल इंजिन बंद करतो, थर्मास उघडतो,
आम्ही भाग चौथ्यावरून तावातावानं भांडतो,
तो मध्येच म्हणतो, होडी अशी बांधत नाहीत कुणी,
लेखकाला समुद्र ठाऊक नाही.
(म्हणजे वाचलंय. सगळंच वाचलंय त्यानं.)
मेंढ्यांचं खरं पुस्तक खालच्या फळीवर
उघडंबोडकं पडलेलं. त्याचा कोट आमच्या अंगावर.

परवा पहिल्या पानावर
नवं अक्षर दिसलं, गोल, शाळकरी:
'खरंच कुणी मरत नाही?'

खाली पाच हातांचं, पाच वेळा: नाही.
आणि त्याच्याखाली सहावं,
निळं, शिक्क्याच्या शाईचं.